नाण्यावरचा प्राणी राहतो कुठे?

आफ्रिकेतील वन्य प्राण्यांच्या प्रतिमा असलेली सोन्याचांदीची नाणी जमवणे हा आज जगभर एक मोठा छंद झाला आहे, आणि तितकाच मोठा व्यापारही. हत्ती, सिंह, गोरिला, गेंडा, बिबळ्या यांची ही नाणी दिसतात मोठी देखणी. त्यांच्या देखणेपणाविषयी पुष्कळ लिहिले जाते, किमतीविषयी त्याहून अधिक. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती क्वचितच कोणी वाचते. वास्तविक नाणे हे एक सरकारी विधान असते. देशाचे नाव, साल, किंमत आणि शेजारी एक प्राणी. हा प्राणी आमच्या भूमीतला, असे तो देश त्यातून सांगत असतो. ते विधान खरे आहे का, हे तपासून पाहायला भूगोलाचा नकाशा आणि शालेय जीवशास्त्र एवढी सामग्री पुरते. म्हणूनच शिक्षकांसमोर हा विषय मांडावासा वाटला.

प्रथम थोडी वर्गवारी करू. प्राण्याची प्रतिमा असलेली नाणी तीन प्रकारची असतात. पहिला प्रकार रोजच्या व्यवहारातल्या नाण्यांचा. आपल्याकडचे १९८८ पासूनचे गेंड्याचे चार आणे, म्हणजे पंचवीस पैशांचे पोलादी नाणे, अनेकांना आठवत असेल. २०११ साली ते चलनातून गेले. केनियाने डिसेंबर २०१८ मध्ये काढलेली नाणी याच प्रकारची : एक शिलिंगवर जिराफ, पाचावर गेंडा, दहावर सिंह, विसावर हत्ती. चलनावर कोणाही व्यक्तीचे चित्र नको, असे केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेने ठरवले, आणि राष्ट्राध्यक्षांच्या जागी जनावरे आली. दुसरा प्रकार एखाद्या निमित्ताने काढलेल्या स्मारक नाण्यांचा. तिसरा प्रकार गुंतवणुकीच्या नाण्यांचा. यात ठरावीक वजनाचे शुद्ध सोने किंवा चांदी असते आणि नाणे म्हणजे त्या धातूची सरकारी शिक्का मारलेली वडी. दुसरा आणि तिसरा प्रकार आता इतके मिसळून गेले आहेत की त्यांच्यात रेघ ओढणे कठीण.

या तिसऱ्या प्रकाराचे मूळ पुरुष म्हणजे दक्षिण आफ्रिकेचे क्रूगररँड. हे नाणे १९६७ साली निघाले. एका बाजूला पॉल क्रूगर, दुसऱ्या बाजूला स्प्रिंगबॉक हे हरिण. स्प्रिंगबॉकचे चित्र शिल्पकार कूर्ट स्टेनबर्ग यांचे. त्यांचाच स्प्रिंगबॉक त्याआधी १९४७ च्या पाच शिलिंगच्या चांदीच्या नाण्यावर आला होता. ते नाणे इंग्लंडच्या राजाच्या दक्षिण आफ्रिका भेटीनिमित्त काढले होते. क्रूगररँडवर किंमत छापलेली नसते. त्यात एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम शुद्ध सोने असते, एवढीच हमी. पूर्ण नाण्याचे वजन मात्र ३३.९३ ग्रॅम भरते. वरचे सुमारे २.८३ ग्रॅम तांबे. निव्वळ सोने फार मऊ, हाताळून झिजते, म्हणून ही भर. भागाकार केला तर ०.९१७ येते, आणि २२ ला २४ ने भागले तरी तेच. ‘२२ कॅरट’ या शब्दाचा अर्थ मुलांना सांगायला याहून सोपे उदाहरण मिळणार नाही. तांब्यामुळेच त्या नाण्याला लालसर झाक आहे.

प्राणिशास्त्राच्या कसोटीवर स्टेनबर्ग यांचा स्प्रिंगबॉक उत्तम उतरतो. आत वळलेली शिंगे, बारीक पाय, डौलदार चाल, सारे जागच्या जागी. आणि हरीण त्या देशातले आहे! स्प्रिंगबॉकचा अधिवास म्हणजे दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना आणि अँगोलाचा नैर्ऋत्य कोपरा. कोरडे माळ, विरळ गवत, उघडे आकाश. पुढे वंशभेदी राजवटीच्या निषेधार्थ अमेरिकेने १९८५ मध्ये क्रूगररँडची आयात बंद केली, आणि बिचाऱ्या हरणालाही त्या राजवटीचे पाप चिकटले. (भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार १९४६ मध्येच तोडला होता.) पण नाण्याने बाजाराला एक गोष्ट शिकवली. आफ्रिकेचा प्राणी आणि एक औंस धातू, ही जोडी खपते.

ती किती बिनदिक्कत खपवली जाते याचा नमुना म्हणजे गॅबॉन. २०१३ हे साल असलेले गॅबॉनचे एक औंस चांदीचे, एक हजार फ्रँकचे नाणे पाहा. त्यावर स्प्रिंगबॉक आहे. गॅबॉन विषुववृत्तावर आहे आणि त्याचा बहुतेक भाग घनदाट वर्षावनाने व्यापलेला आहे. उघड्या माळावरचे हे हरीण तिथे कधी नव्हतेच. त्याचे सर्वांत जवळचे कळप हजाराहून अधिक किलोमीटर दक्षिणेला. म्हणजे गोव्याने आपल्या बोधचिन्हावर याक घ्यावा तसे हे झाले. खेद याचा की, गॅबॉनजवळ दाखवण्यासारखे नव्हते असे मुळीच नाही. आफ्रिकेत हत्तीच्या दोन जाती आहेत, माळावरचा हत्ती आणि जंगलातला हत्ती. २०२१ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने त्यांची प्रथमच वेगवेगळी नोंद केली आणि जंगली जातीला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. जगात उरलेल्या या जंगली हत्तींचा सर्वांत मोठा वाटा गॅबॉनमध्येच आहे. लहानसर बांधा, गोलसर कान, सरळ खाली उतरणारे सुळे. नाण्यासाठी याहून चांगला विषय कोणता? पण स्प्रिंगबॉक ओळखीचा, कारण क्रूगररँड ओळखीचे. प्राणी निवडला तो जंगलातून आलेला दिसत नाही, दुसऱ्या नाण्यावरून उचललेला दिसतो.

रवांडाचे प्रकरण जरा गुंतागुंतीचे आहे. ‘आफ्रिकन औंस’ ही त्यांची चांदीच्या नाण्यांची मालिका २००८ मध्ये सुरू झाली, पन्नास फ्रँकचे नाणे आणि त्यावर गोरिला. सुरुवात अगदी योग्य. विरुंगा पर्वतातला पर्वतीय गोरिला रवांडा, युगांडा आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताक या तीनच देशांत आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी विरुंगात ते जेमतेम अडीचशे उरले होते. युगांडातील ब्विंडीचे अरण्य धरून आज ते हजाराच्या थोडे वर आहेत. देशाने अभिमानाने मिरवावे असेच हे नाणे आहे. पण दरवर्षी नवा प्राणी हवा, ही अशा मालिकांची गरज असते. २०१० साली सिंह आला. त्या वर्षी रवांडात सिंह नव्हता! १९९४ च्या नरसंहारानंतर परतलेल्या निर्वासितांची वस्ती आणि गुरे अकागेरा राष्ट्रीय उद्यानात शिरली, सिंहांवर विषप्रयोग झाले आणि तिथला सिंह संपला. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून सात सिंह आणून सोडले, तेव्हा तो पुन्हा त्या देशात दिसू लागला. नाण्यावरचा सिंह गेलेल्या सिंहाची आठवण म्हणून कोरला असता, तर ते खऱ्या अर्थाने स्मारक नाणे झाले असते. तसे काही त्यावर लिहिलेले नाही. आणि २०१६ साली तर मीरकॅट! मुंगसाच्या कुळातला, मागच्या पायांवर उभा राहून टेहळणी करणारा हा छोटा प्राणी कालाहारी आणि आसपासच्या कोरड्या प्रदेशातला. रवांडाच्या डोंगरांशी आणि पाणथळींशी त्याचा काही संबंध नाही. चित्रवाणीवरच्या निसर्गपटांनी त्याला लाडका करून ठेवले, एवढेच त्याच्या निवडीचे कारण दिसते.

यावर ‘मालिकेचे नावच आफ्रिकन औंस आहे, रवांडाचा औंस नव्हे’ असा बचाव करता येईल. तो मला पटत नाही. आफ्रिका हा एक देश असून तिथे सगळीकडे सगळे प्राणी फिरत असतात, हा गैरसमज आपल्या मुलांच्याच मनात असतो असे नाही. नाणे त्याला सरकारी शिक्का देते. कालाहारी, काँगोचे अरण्य आणि सेरेंगेटी यांत जेवढे अंतर आहे तेवढेच वेगळेपणही आहे, हा तर प्राणिभूगोलाचा पहिला धडा.

सोमालियाच्या हत्तीची गोष्ट आणखी वेगळी. ही चांदीची मालिका २००४ पासून निघते. किंमत शंभर शिलिंग, धातू ९९९.९ शुद्धतेची चांदी, टांकसाळ जर्मनीतल्या बव्हेरियाची. सोमालियातील केंद्रीय सत्ता १९९१ मध्ये कोसळली होती आणि २००४ मध्ये जे हंगामी सरकार बनले ते बनले शेजारच्या केनियात, नैरोबीला. शंभर शिलिंगांत मोगादिशूला चहाचा पेलाही मिळणार नाही. हत्ती दरवर्षी नव्या ढंगात येतो, आणि कोरणारे कारागीर फार वरच्या दर्जाचे आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. कानाच्या शिरा, सोंडेवरच्या वळ्या, सुळ्याचा बाक यांत चूक काढायला जागा नाही. पण सोमालियात हत्ती आज जवळपास नाहीतच. उलट त्या भूमीतली खास जनावरे म्हणजे डिबाटॅग हे लांब मानेचे हरीण, जे सोमालिया आणि इथिओपियाचा ओगादेन सोडून कुठेही नाही, आणि पायांवर झेब्र्यासारखे पट्टे असलेले सोमाली रानगाढव. आफ्रिकेतले रानगाढव हे आपल्या पाळीव गाढवाचे पूर्वज. हत्तीच्या या मालिकेत त्यांना कुठून जागा असणार?

आता चांगल्या उदाहरणाकडे वळतो. १९७४ ते १९७९ या काळात जागतिक वन्यजीव निधी आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटना यांनी मिळून एक योजना राबवली. वीसहून अधिक देशांनी प्रत्येकी तीन नाणी काढायची, दोन चांदीची आणि एक सोन्याचे, आणि त्यांच्या विक्रीतून संवर्धनाला पैसा उभा करायचा. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी यात भाग घेतला. माझ्या मते प्राण्यांची निवड या एका बाबतीत त्या मालिकेला अजून तोड नाही. बोट्स्वानाने १९७८ मध्ये सोन्याच्या दीडशे पुलांच्या नाण्यावर कोण घेतले, तर तपकिरी तरस! झांबियाने १९७९ मध्ये सोन्यावर रानकुत्रा कोरला, ज्या काळी आफ्रिकेत ठिकठिकाणी रानकुत्र्याला उपद्रवी जनावर म्हणून सरळ गोळी घालत. गांबियाने १९७७ मध्ये चांदीवर आर्डवार्क घेतला, म्हणजे वारुळे उकरून वाळवी खाणारे, गाढवासारख्या कानांचे ते अजब निशाचर जनावर. त्याने खणून सोडलेल्या बिळांत कितीतरी इतर प्राणी राहतात. झाईरने १९७५ मध्ये पर्वतीय गोरिला आणि ओकापी घेतले. ओकापी फक्त त्याच देशात आढळतो. १९०१ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन प्रथम केले ते कातड्याच्या पट्टेरी तुकड्यांवरून, आणि चक्क घोड्याच्या प्रजातीत त्याला टाकले. कवटी हाती आल्यावर कळले, हा तर जिराफाचा भाऊबंद.

आणि मॉरिशस. मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जिथे नांदत आली त्या या बेटाने १९७५ साली तीन नाणी काढली. पंचवीस रुपयांवर तिथले एक फुलपाखरू, हजार रुपयांच्या सोन्यावर तिथला माशीमार पक्षी आणि पन्नास रुपयांच्या चांदीवर मॉरिशसचा खरूची, म्हणजे केस्ट्रल जातीचा लहान ससाणा. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७४ मध्ये, मोकळ्या रानात हे ससाणे मोजले गेले तेव्हा भरले अवघे चार. जगातला सर्वांत दुर्मीळ पक्षी त्या नाण्यावर होता. त्याच सुमारास, १९७४ मध्ये, टांझानियाने पन्नास शिलिंगच्या चांदीवर काळा गेंडा घेतला. त्या वेळी काळे गेंडे हजारोंनी होते. १९७० चा अंदाज ६५,००० चा.

पुढे काय झाले? १९९५ पर्यंत आफ्रिकेतले काळे गेंडे अडीच हजारांच्या खाली आले. शिंगासाठीच्या चोरट्या शिकारीने वीस-पंचवीस वर्षांत शंभरातले शहाण्णव संपवले. नाणी संग्राहकांच्या मखमली पेट्यांत चकचकीत राहिली. तेव्हापासून कडक पहारा, कुंपणे आणि प्राण्यांचे स्थलांतर यांच्या बळावर संख्या हळूहळू वाढून सहा हजारांपलीकडे गेली आहे. ससाण्याचे उलट झाले. १९७९ मध्ये कार्ल जोन्स मॉरिशसला गेले. घरट्यातली पहिली अंडी काढून ती यंत्रात उबवायची, म्हणजे मादी दुसऱ्यांदा अंडी घालते. पिल्ले वाढवून रानात सोडायची. वरचे खाद्य पुरवायचे. घरट्यांसाठी पेट्या बसवायच्या. अशा चिवट, कंटाळवाण्या कामातून चार पक्ष्यांचे काहीशे झाले. १९९४ मध्ये त्याची संकटाची श्रेणी खाली आणण्यात आली. २०१४ मध्ये ती पुन्हा वाढवावी लागली, कारण काम थांबले की पक्षी घटतात. ससाणा नाण्याने वाचला असे कोणी म्हणणार नाही, गेंडा नाण्यामुळे गेला असेही नाही. पण ‘हे नाणे घ्या आणि वन्यजीव वाचवा’ अशी जाहिरात वाचताना ही दोन उदाहरणे शेजारी ठेवावीत. पैसा कोणाकडे, किती आणि कोणत्या कामाला जातो, हे छापलेले नसेल तर ते नाणे आणि दागिना यांत मला फरक दिसत नाही.

अलीकडच्या नाण्यांवर सर्वाधिक पगडा आहे तो ‘बिग फाइव्ह’ या कल्पनेचा. सिंह, हत्ती, म्हैस, बिबळ्या, गेंडा. दक्षिण आफ्रिकेच्या ‘नातुरा’ या सोन्याच्या मालिकेत १९९४ ते १९९८ अशी ओळीने पाच वर्षे हेच पाच आले, आणि २०१९ पासून त्याच टांकसाळीने ‘बिग फाइव्ह’ याच नावाची मालिका काढली. ही यादी केली कोणी? पायी शिकार करताना जे पाच प्राणी मारायला सर्वांत अवघड आणि धोक्याचे, त्यांची ही गोऱ्या शिकाऱ्यांची यादी. बंदूक जाऊन कॅमेरा आला, यादी तीच राहिली. परिसंस्थेत कोणाचे काम किती महत्त्वाचे, याच्याशी तिचा संबंध नाही. त्या हिशेबाने वाळवी, शेणकिडा आणि आर्डवार्क यांना आधी मान द्यावा लागेल. शेणकिड्याचे नाणे खपणार नाही, असे व्यापारी म्हणतील. प्राचीन इजिप्तमध्ये हाच किडा ताईत म्हणून घरोघर होता, हे त्यांना सांगायला हवे.

कारागिरीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण तिच्यात पदार्थविज्ञान भरपूर आहे. कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवून प्रचंड दाबाखाली चेपतात, तेव्हा धातू वितळत नाही, पण कणकेसारखा सरकतो आणि ठशातल्या खोबणी भरतो. आता हत्तीचे डोके एका बाजूला उंच हवे आणि नेमके त्याच्या पाठीमागे, दुसऱ्या बाजूला, राजमुद्राही उंच हवी, तर दोन्हीकडे पुरेल एवढा धातू त्या जागी नसतो. कुठली तरी एक बाजू पुसट उठते. म्हणून कुशल चित्रकार प्राण्याचा सर्वांत उंच भाग पलीकडच्या सपाट जागेवर येईल असे पाहतो. सगळा उठाव धरून उंची एक मिलिमीटरही नसते. एवढ्यात हत्ती बसवायचा! बाजूने पाहिलेला प्राणी म्हणूनच सोपा, आणि समोरून अंगावर येणारा फार अवघड, कारण तिथे सोंड, कपाळ, कान आणि मागचे धड अशा चार पातळ्या त्या मिलिमीटरात दाखवाव्या लागतात. काँगो प्रजासत्ताकाने २०१५ पासून काढलेल्या पाच हजार फ्रँकच्या ‘सिल्व्हरबॅक’ नाण्यांकडे या नजरेने पाहावे. (‘सिल्व्हरबॅक’ ही गोरिलाची वेगळी जात नव्हे. प्रौढ नराची पाठ रुपेरी होते, म्हणून त्या नराला हे नाव. काँगो प्रजासत्ताकातला गोरिला पश्चिमेकडचा, सखल प्रदेशातला.) संग्राहकांसाठीच्या खास नाण्यांत पार्श्वभूमी आरशासारखी आणि प्राणी धुरकट पांढरा दिसतो तो रंगामुळे नव्हे. पार्श्वभूमीचा ठसा घोटून गुळगुळीत केलेला असतो, तिथे नियमित परावर्तन होते. प्राण्याचा भाग मुद्दाम बारीक खरबरीत केलेला असतो, तिथे प्रकाश विखुरतो. धातू दोन्हीकडे एकच.

एक हिशेब मात्र या नाण्यांच्या माहितीपत्रकांत मी कधी वाचलेला नाही. समजा एका टन खडकात पाच ग्रॅम सोने आहे. मग एक औंस सोन्यासाठी सहा टनांहून अधिक खडक फोडून, दळून, रसायनांतून काढावा लागतो, आणि मागे राहतो तो गाळ. काँगोच्या पूर्व भागात सोने, कथील आणि कोल्टान यांच्या लहान-लहान बेकायदा खाणी थेट गोरिलांच्या अरण्यात शिरल्या आहेत; खाणकामगारांचे पोट रानातल्या मांसावर भरते. ओकापीच्या नावाचे इटुरीतले अभयारण्य १९९६ मध्ये जागतिक वारसा ठरले आणि दुसऱ्याच वर्षी धोक्यातील स्थळांच्या यादीत गेले, ते अजून तिथेच आहे. नाण्यातले सोने तिथलेच असे मी म्हणत नाही. प्राणी वाचवण्यासाठी म्हणून खाणीतला धातू विकायचा असेल, तर तो धातू कुठून आला हे विचारण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, इतकेच.

ही नाणी वर्गात आणणे कोणाच्याच खिशाला परवडणार नाही, पण त्यांची मोठी छायाचित्रे सहज मिळतात. आफ्रिकेचा कोरा नकाशा फळ्यावर काढावा, एकेक नाणे घेऊन आधी देश रंगवावा, मग त्या प्राण्याचा खरा अधिवास. गॅबॉनच्या नाण्यापाशी मुले आपण होऊन थांबतील. हत्तीच्या नाण्यावर सोंडेचे टोक भिंगातून पाहायला सांगावे. आफ्रिकन हत्तीच्या टोकाला वर आणि खाली अशी दोन बोटे असतात, आपल्या हत्तीला एकच, वरचे. सोमालियाच्या कारागिरांनी ती दोन्ही नीट दाखवली आहेत का, हे ज्या वर्षीच्या नाण्यावर टोक स्पष्ट दिसते त्यावर मुलांनाच ठरवू द्यावे.